फादर-प्राचार्य अचानक गेले, आता काय करायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची सात पत्रे आहेत. कॉलेजचे प्राचार्य असलेले धर्मगुरू ध्यानीमनी नसताना गेले आणि मागे राहिलेल्यांना त्यांची आठवण नीट जपायची आहे. म्हणून यावेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमचे फादर-प्राचार्य सकाळी वर्गांवरून चक्कर मारून गेले आणि दुपारी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. अंत्यविधीची वेळ तीनदा बदलली. माजी विद्यार्थी लांबून चर्चपर्यंत येऊन परत गेले. अशा वेळी पहिल्या दिवशी कोणत्या क्रमाने काय करावे? (एक प्राध्यापिका, वसई)

वेळ बदलण्यामागे बहुतेकदा डॉक्टरांचा दाखला असतो. रुग्णालयात उपचार चालू असताना मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला तिथेच मिळतो. खोलीत, गाडीत किंवा रुग्णालयाच्या दारात प्राण गेला तर मात्र नेहमीचे डॉक्टर कारण लिहून देतातच असे नाही. दाखला मिळाला नाही तर पोलिसांना कळवावे लागते आणि शवविच्छेदन होते. त्यात अर्धा दिवस सहज जातो, कधी पूर्ण दिवसही. म्हणून पहिल्या निरोपात एवढेच लिहावे : ‘फादर आज दुपारी ख्रिस्तवासी झाले. अंत्यविधीची वेळ याच क्रमांकावरून कळवू.’ वेळ घालू नये, अंदाजेसुद्धा नाही. निरोप एकाच माणसाने, एकाच क्रमांकावरून पाठवावा. आणि तो आई-वडील, भावंडे यांना कळल्यानंतरच निघावा. सख्ख्या बहिणीला भावाची बातमी कॉलेजच्या ग्रुपवर वाचावी लागली तर ते दुःख कधी भरून येत नाही.

वेळ ठरवण्याचा अधिकार कॉलेजकडे नसतो, हेही पहिल्या तासात सगळ्यांच्या लक्षात यायला हवे. फादर धर्मप्रांताचे (थेट बिशपच्या हाताखालचे) असतील तर बिशप हाऊस आणि कुटुंब मिळून ठरवतात. ते येशूसंघासारख्या (जेझुइट) धर्मगुरूंच्या एखाद्या संघाचे असतील तर संघाचे प्रांताधिकारी ठरवतात आणि दफन बहुधा संघाच्या जागेत होते. परदेशातून नातेवाईक यायचे असले तर देह शवागारात ठेवतात आणि विधी एक-दोन दिवस पुढे जातो. चर्चचे पंचांगही बघावे लागते. पवित्र आठवड्यातला गुरुवार, त्यापुढचे पास्खाचे (ईस्टरचे) तीन दिवस, आगमनकाळ (नाताळपूर्वीचा), उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचा) आणि पास्खाकाळ (ईस्टरनंतरचा) यांतले रविवार, तसेच मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणे बंधनकारक असलेले मोठे सण, या दिवशी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. प्रार्थना आणि दफन होऊ शकते, मिस्सा नंतर ठेवतात.

मिस्सात कॉलेजच्या लोकांचा गोंधळ होतो तो भाषणांवरून. प्रवचन संक्षिप्त असावे आणि ते कधीही गुणगौरवाचे भाषण होऊ नये, असा चर्चचा स्पष्ट नियम आहे. मृतात्म्याबद्दल दोन शब्द बोलायचे असतील तर ते कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकरी दिल्यानंतरच्या) प्रार्थनेनंतर, शेवटच्या निरोपाच्या विधीपूर्वी, प्रमुख धर्मगुरूंना आधी विचारून. एक माणूस, चार मिनिटे, लिहून आणलेले. संस्थेचे अध्यक्ष, आमदार, माजी विद्यार्थी संघ, प्राध्यापक संघटना यांची रांग इथे लावू नये. त्यासाठी वेगळी शोकसभा घ्यावी.

एका गोष्टीने बिगरख्रिस्ती सहकारी चकित होतात. इतरांची शवपेटी वेदीकडे पाय करून ठेवतात, धर्मगुरूची वेदीकडे डोके करून, म्हणजे त्यांचा चेहरा लोकांकडे असतो. आयुष्यभर ते जिथून लोकांसमोर उभे राहिले, त्याच दिशेने. अंगावर मिस्साची वस्त्रे असतात, शेजारी पास्खाची मेणबत्ती आणि पेटीवर शुभवर्तमानाचा ग्रंथ किंवा क्रूस. फुलांचे हार पेटीवर चढवायचे नसतात, बाजूला ठेवायचे. दारात दोन स्वयंसेवक उभे करून हे आधीच सांगावे, म्हणजे आत कुणाला थांबवावे लागत नाही.

कागदपत्रांत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या, कारण बँक, विमा, विद्यापीठ, संस्था सगळे मागतात. फादर संस्थेचे विश्वस्त असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आणि सर्वात आधी बँकेतल्या सह्या. प्राचार्यांच्या सहीशिवाय निघत नसलेले चेक कोणते, हे दुसऱ्याच दिवशी पाहा. नाही तर पहिला फटका बसतो तो रोजंदारीवरच्या सफाई कामगारांना आणि वसतिगृहाच्या किराण्याला.

प्रश्न : आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त मुले हिंदू आणि मुसलमान आहेत. त्यांना फादरच्या फोटोला हार घालायचा आहे, काहींना आरती करायची आहे. चर्चला चालेल का? मिस्साला गेल्यावर त्यांनी काय करावे? (ग्रंथपाल, अहिल्यानगर)

हार, फुले, समई, उदबत्ती यांना काहीच अडचण नाही. भारतातल्या उपासनेसाठी रोमने १९६९ मध्ये बारा बाबी मान्य केल्या. त्यांत मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, पंचांग प्रणाम आणि आरतीही आहे. त्या कुठे आणि किती वापरायच्या हे त्या त्या बिशपांकडे असते. पण गेलेल्या माणसाच्या फोटोला ओवाळणे कॅथलिक मनाला रुचत नाही, आणि फादरांनाही ते आवडले नसते असे आम्हाला वाटते. फोटोपुढे समई लावावी, प्रत्येकाने एक फूल वाहावे, हात जोडावेत. मुसलमान मुलांनी नुसते उभे राहून दुआ मागितली तरी तीही तितकीच मनापासूनची.

मिस्सात अडचण येते ती कम्युनियनच्या वेळी. तो प्रसाद आहे असे समजून मुले रांगेत जातात, हातात घेतात, आणि कुणी भक्तिभावाने रुमालात बांधून घरी आईसाठी नेते. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्तशरीर आहे, त्यामुळे धावाधाव होते आणि निरागस मूल शरमते. दोष मुलाचा नसतो, कुणी सांगितलेलेच नसते. विधी सुरू होण्यापूर्वी माइकवरून एवढे सांगावे : ‘कम्युनियन कॅथलिक भाविकांसाठी आहे. इतरांनी जागेवर बसून फादरसाठी प्रार्थना करावी.’ अनेक चर्चमध्ये दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून पुढे गेले तर धर्मगुरू आशीर्वाद देतात. तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर तीही सांगा.

प्रश्न : शोकसभेचा मोठा फोटो छापला तर तो धूसर आला. आणि सभा अडीच तास चालली, मुले उठून गेली. पुढच्या महिन्यात स्मरणसभा आहे. काय टाळावे? (माजी विद्यार्थी, पुणे)

फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असणार. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते. ती ३० इंचांवर ताणली की इंचाला ५३ पिक्सेल उरतात, आणि त्यात डोळेच आधी पुसले जातात. २० बाय ३० इंचांच्या छपाईला निदान ३००० बाय ४५०० पिक्सेल हवेत. मूळ फोटो ज्याने काढला त्याच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. ओळखपत्राचा फोटो मोठा करू नका. थोडे हसणारे, काम करतानाचे छायाचित्र मिळाले तर तेच घ्या.

सभा सव्वा तासाची, वक्ते सहा, प्रत्येकी पाच मिनिटे. उरलेला वेळ दोन गीते, मौन आणि प्रार्थना यांना. मान्यवर शेवटी बोलावेत. सुरुवात शिपाईदादांनी किंवा कँटीनच्या मावशींनी करावी. त्यांनी फादरांना सकाळी सातला आणि रात्री दहाला पाहिलेले असते. वक्त्यांना आठवडाभर आधी सांगा की गुण नकोत, एक प्रसंग हवा, तारीख-जागेसकट. ‘फादर फार प्रेमळ होते’ हे सहाजण म्हणाले तर सभागृहात काहीच राहत नाही. फी भरायला आलेल्या मुलाला त्यांनी कुठल्या खिडकीकडे पाठवले आणि चिठ्ठीवर काय लिहिले, हे एकाने सांगितले की ते घरी जाईपर्यंत सोबत येते.

प्रश्न : फादर इतिहास शिकवायचे. खोलीत चाळीस वर्षांच्या वह्या, गावोगावी गोळा केलेली गाणी, फोटो, पत्रे, लॅपटॉप आहे. नवे प्राचार्य रुजू होणार म्हणून खोली रिकामी करायची आहे. काय ठेवावे? (विभागप्रमुख, नागपूर)

तुमच्या शहरातच या प्रश्नाचे जुने उत्तर आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी धर्मोपदेशक, नागपुरातल्या इंग्रजी शिक्षणाचे आद्य प्रवर्तक आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. वय ४५, चार दिवसांनी ४६ झाले असते. गोंड आणि इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे, गोंडी गीतांसह, अर्धवट अवस्थेत मागे राहिली. मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती एकत्र केली, संपादित केली आणि १८६६ मध्ये छापली. हिस्लॉप यांच्या नावाचे कॉलेज सुरू झाले १८८३ मध्ये. कागद तीन वर्षांत सावरले गेले, कॉलेजला वीस वर्षे लागली. आमच्या मते क्रम असाच हवा. इमारतीला नाव कधीही देता येते, ओल्या कपाटातली वही पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेलच असे नाही.

खोली कॉलेजने एकट्याने उघडू नये. संघाचा किंवा बिशप हाऊसचा एक प्रतिनिधी, घरचे एक माणूस आणि कॉलेजचे एक, अशा तिघांसमोर उघडावी. काही हलवण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याचा फोटो काढावा. कागद कुठल्या कागदाशेजारी होता, यावरून पुढे तारखा लागतात.

मग चार ढीग. कॉलेजचे कागद कार्यालयाला. घरची पत्रे घरच्यांना. अभ्यासाच्या वह्या, गाण्यांची टिपणे, व्याख्याने एकत्र, मूळ क्रमाने, विषयवार लावण्याच्या मोहात न पडता. चौथा ढीग सर्वात नाजूक : विद्यार्थ्यांनी धर्मगुरू म्हणून त्यांना लिहिलेली खासगी पत्रे. ती कुणीही वाचू नयेत. पहिल्या दोन ओळींवरून ओळखू येताच पाकिटात घालून बंद करावी आणि संघप्रमुखांकडे द्यावी. त्या मुला-मुलींनी विश्वास फादरांवर टाकला होता, कॉलेजवर नाही.

जपणुकीची कृती अशी. गंजलेले स्टेपल आणि टाचण्या काढा, ओढून नाही, मागचे पाय उघडून. रबर बँड काढून सुती नाडी बांधा. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, पावसाळ्यात आत घाम धरतो आणि शाई पसरते. पुठ्ठ्याची पेटी जमिनीपासून वीतभर वर, भिंतीला न चिकटवता ठेवा. अल्बममध्ये चिकटलेले फोटो उचकटू नका, पानासकट स्कॅन करा. कागद ३०० डीपीआयने, पासपोर्टएवढे फोटो ६०० ने, मूळ प्रत टिफ स्वरूपात. प्रत्येक फाईलच्या नावात वर्ष, महिना, प्रसंग. तीन प्रती ठेवा, त्यातली एक कॉलेजबाहेर.

लॅपटॉप ‘फॉरमॅट करून’ नव्या प्राचार्यांना देण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते आणि तिथेच सगळे संपते. कॉलेजच्या मेलचेही तसेच. गूगल वर्कस्पेसचे खाते काढून टाकले तर ते परत आणायला २० दिवसच मिळतात. खाते काढू नका, फक्त पासवर्ड बदलून बंद ठेवा.

गाणी ज्यांनी सांगितली ती माणसे आज वयस्कर असतील. वहीतली गावांची नावे घेऊन दोन विद्यार्थ्यांना या हिवाळ्यातच पाठवा. गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित होईल, आणि फादर गेल्याची बातमी त्या घरी कुणीतरी समोर जाऊन सांगेल.

प्रश्न : फादरच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. आमच्यातले काही दुबईत, काही अमेरिकेत आहेत. पैसे सध्या एका मित्राच्या खात्यात जमा होत आहेत. (माजी विद्यार्थी संघ, मुंबई)

मित्राच्या खात्यातली जमा आजच थांबवा. हिशेब कितीही चोख असला तरी ते पैसे कायद्याच्या नजरेत त्या मित्राचे दिसतात. दात्यांना पावती मिळत नाही, आणि एखाद्याने शंका काढली की वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. नवा ट्रस्ट काढण्याचीही गरज नाही. कॉलेज चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेत फादरच्या नावाचा स्वतंत्र राखीव निधी उघडा. प्रत्येक दात्याकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे एका ओळीचे पत्र घ्या, नाही तर ती चालू खर्चात मिसळते. ८०-जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती मिळतच नाही. दात्यांना हे आधीच सांगा.

परदेशातल्या पैशात पासपोर्ट महत्त्वाचा, पत्ता नाही. दुबईत नोकरी करणारा भारतीय नागरिक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला माजी विद्यार्थी मात्र, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, परदेशी स्रोत ठरतो. त्याची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येते. ‘ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेत घेऊ आणि मग आपल्याकडे वळवू’ हा मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. त्या वाटेला जाऊ नका.

आता रक्कम. समजा १२ लाख जमले आणि व्याज सहा टक्के धरले, तर वर्षाला ७२,००० येतील. त्यातला पाव हिस्सा, १८,०००, मुद्दलात परत टाका, नाही तर महागाईमुळे दहा वर्षांनी शिष्यवृत्तीची किंमत बरीच घटलेली असेल. राहिले ५४,०००, म्हणजे प्रत्येकी १८,००० च्या तीन शिष्यवृत्त्या. त्या दरवर्षी तीन नव्या मुलांना वाटू नका. एका मुलीला प्रथम वर्षाला दिली की पदवी होईपर्यंत चालू ठेवा, आणि दरवर्षी एकच नवी निवडा. पदवी तीन वर्षांची असेल तर तिसऱ्या वर्षापासून तीनही वर्गांत एकेक जण असेल. चार वर्षांची असेल तर निधी १६ लाखांपर्यंत न्या. वर्षभर मदत मिळून पुढे न मिळाल्याने शिक्षण सुटणे हे मदत न मिळण्याहून क्लेशकारक असते.

सर्वात जास्त होणारी चूक तारखेची. फादर फेब्रुवारीत गेले म्हणून शिष्यवृत्ती फेब्रुवारीत, त्यांच्या स्मृतिदिनी, हार-तुऱ्यांसह दिली जाते. फी असते जून-जुलैत. तोपर्यंत गरजू मुलाच्या वडिलांनी कर्ज काढलेले असते किंवा मुलाने कामधंदा धरलेला असतो. पैसे प्रवेशाच्या वेळी, थेट फीच्या खात्यात, कुणाला न दिसता जमा करा. स्मृतिदिनी फक्त निधीचा हिशेब वाचा. मुलाला मंचावर बोलावून त्याच्या घरची गरिबी सांगू नका.

प्रश्न : महिन्याची मिस्सा आणि वर्षाची मिस्सा यांत काय फरक? आमच्या बॅचच्या चाळीस जणांना फादरसाठी मिस्सा सांगायची आहे, ती एकत्र होईल का? पुतळाही उभारायचा आहे. (माजी विद्यार्थिनी, ठाणे)

विधी तोच, प्रसंग वेगळा. चाळीस जणांनी मिळून एकच अर्पण (मिस्सा सांगताना द्यायची रक्कम) दिले तर मिस्सा एक. चाळिसांनी स्वतंत्र अर्पणे दिली तर नियमाप्रमाणे चाळीस वेगळ्या मिस्सा व्हायला हव्यात, देणाऱ्यांच्या संमतीशिवाय एकाच मिस्सात सगळी अर्पणे घालता येत नाहीत. म्हणून आधी आपसात ठरवा आणि पाकिटावर स्पष्ट लिहा. ग्रेगरियन मिस्सा म्हणजे एकाच मृतात्म्यासाठी सलग ३० दिवस ३० मिस्सा. ती साध्या धर्मग्रामाला (स्थानिक चर्चला) जड जाते, मठात किंवा संघाच्या घरी विचारा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर जायला विसरू नका.

पुतळ्याचा निर्णय वर्षभर घेऊ नका. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधन संस्था सुरू केली होती. १९५५ मध्ये ते गेल्यावर तिलाच त्यांचे नाव मिळाले. तुमच्या फादरांनी स्वतः सुरू केलेले आणि अजून चालू असलेले काय आहे ते आधी पाहा. एखादे रात्रीचे वाचनालय असेल, एखादी रविवारची शिकवणी असेल.

प्रश्न : मी प्रथम वर्षाला, वसतिगृहात राहतो. फादर गेल्याचे मोबाईलवरच कळले. परीक्षा दोन आठवड्यांवर आहे. वाचायला बसले की शब्द डोक्यात जात नाहीत. आम्हाला काही करता येईल का? (एक विद्यार्थी, नाशिक)

शब्द डोक्यात न जाणे हे अचानक आलेल्या दुःखात होतेच, तू कमी पडतो आहेस असे नाही. पहिले काही दिवस सलग तीन तास बसू नकोस. पंचवीस मिनिटे, मोठ्याने वाचून, शक्यतो दोघांनी मिळून. जेवण चुकवू नकोस. झोप आठवडाभर लागलीच नाही किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर वॉर्डनना सांग, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन कर. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

करण्यासारखे एक काम आहे, आणि ते विद्यार्थ्यांनीच करावे. दोनशे पानी रेघांची जाड वही आणा. ग्रंथालयाच्या दाराशी टेबलावर ठेवा, शेजारी फादरचा छोटा फोटो आणि दोन बॉलपेन. शाईचे पेन नको, डोळ्यांतले पाणी पडले की अक्षर पसरते. वही तीस दिवस उघडी राहू दे. मधल्या सुट्टीत रोज एका विद्यार्थ्याने तिथे बसावे, कारण काहींना लिहिता येत नाही, फक्त सांगायचे असते. त्यांचे त्याने लिहून घ्यावे. पहिले पान कोरे सोडा. तीस दिवस झाल्यावर वही स्कॅन करा आणि मूळ प्रत फादरच्या आईकडे, त्या नसतील तर भावंडांकडे, हातात नेऊन द्या. पहिल्या पानावर काय लिहायचे ते त्यांना ठरवू दे.